पर्थच्या साहेबांना टॉवेल-टोपी

माझी धाकटी बहीण मेलबर्नला राहते आणि मी सोलापुरात, पण तिच्या घरातले महत्त्वाचे निर्णय मीच घेतो असा माझा समज आहे. बायकोचं म्हणणं असं, की आपल्या घरातले निर्णय घ्यायची मला कधी संधी मिळाली नाही, म्हणून मी परदेशात हौस भागवतो. यातलं खरं काय ते तुम्हीच ठरवा.

बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिकडचा फुटबॉल खेळतो. आपल्याला माहीत असलेला नव्हे. यात चेंडू अंड्यासारखा, मैदान क्रिकेटचं आणि एकेका बाजूला अठरा-अठरा जण. चेंडू हातानेही मारायचा, पायानेही मारायचा, आणि झेलायचा असेल तर पुढच्याच्या पाठीवर गुडघा रोवून वर चढायचं. आमच्या शाळेत असं कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे पालक दारात असतात. गोल झाला की पांढऱ्या कपड्यातला एक पंच दोन बोटं पुढे करून दाखवतो आणि मग रेल्वेच्या गार्डासारखे झेंडे हलवतो. भाचा हे सगळं फार चांगलं करतो असं लोक म्हणतात. मी व्हिडिओत बघून मान डोलावतो, जशी शास्त्रीय गाण्याला डोलावतो तशी.

मेव्हणे गेल्यापासून त्या घरात मायलेक दोघंच. बहीण रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, पोरगा बारावी झालेला. एका रविवारी तिचा फोन आला.

"दादा, ह्याला मोठे क्लब घेणार म्हणतायत. आता निवड हाय."

"मग पेढे वाट की. कुठला क्लब?"

"ते आपल्या हातात न्हाई. क्लबच नंबरानं पोरं निवडतात. ज्यानं नाव घेतलं त्याच्याकडं जायचं."

"अगं, पण पसंतीक्रम भरून घेत असतील ना?"

"न्हाई रे."

"म्हणजे पर्थवाल्यांनी नाव घेतलं तर पर्थला?"

"व्हय. चार तासाचं विमान हाय." मग हळूच म्हणाली, "घर लई मोठं वाटंल मग."

त्या एका वाक्याने मी कामाला लागलो. कारण हा फुटबॉल नव्हता, ही बदली होती, आणि बदली हा माझा विषय.

मी गणिताचा शिक्षक. पण गणित मला विचारायला कुणी येत नाही. बदलीसाठी मात्र मोहोळपासून माणसं येतात. कुठलं कारण चालतं, कुठलं दुखणं पुरतं, आपसी बदलीत समोरचा कसा शोधायचा, हे मला तोंडपाठ. माझ्या या ज्ञानाचा एकच डाग आहे, तो बायको चारचौघांत दाखवते. लग्नानंतर ती मोहोळकडच्या शाळेत होती, मी अक्कलकोटकडच्या. एकमेकांना सुखद धक्का द्यावा म्हणून दोघांनी गुपचूप अर्ज केले. दोघांचेही मंजूर झाले. ती अक्कलकोटकडे गेली, मी मोहोळकडे. पुढे बरीच वर्षं आम्ही रोज सकाळी एसटी स्टँडवर एकमेकांना हात करून उलट्या दिशांच्या गाड्यांत बसायचो, फक्त गाड्यांची अदलाबदल झाली होती.

भाच्याने मला निवडीची रीत समजावून सांगितली. जो संघ यंदा सगळ्यांत खाली, त्याला पहिली निवड. मला हे फार आवडलं. नापास झालेल्याला पहिल्या बाकावर बसवायचं, हे आमच्या शिक्षणशास्त्रात सांगतात, करत कुणी नाही. मग तो म्हणाला की क्लब आपला नंबर दुसऱ्या क्लबाला देऊ शकतात, खेळाडूच्या बदल्यात नंबर घेऊ शकतात, आणि पुढच्या वर्षीचा नंबरसुद्धा आज देऊन टाकतात.

"पुढच्या वर्षीचा? म्हणजे जो पोरगा अजून मैदानावर आलाच नाही, त्याचा सौदा?"

"हो मामा."

"गाय गाभण नाही आणि खरवस वाटून झाला म्हण की."

निवडीआधी या पोरांना एका ठिकाणी बोलावून मोजतात. उंची, वजन, हाताची लांबी, उडी, पळणं. मग साहेब लोक समोर बसवून प्रश्न विचारतात: रागावर ताबा आहे का, घरची आठवण येते का. मी जनावरांचा बाजार पाहिलाय आणि मुलगी बघायचे कार्यक्रमही पाहिलेत. दोन्ही एका दिवसात उरकणारे लोक मला पहिल्यांदाच भेटले.

त्या मोजणीनंतर कळलं की पर्थचा क्लब भाच्यावर डोळा ठेवून आहे. त्यांचे साहेब घरीच येणार होते, आईला भेटायला. परक्या गावी मूल नेताना घरचा होकार बघतात म्हणे. मी लगेच मायलेकांना व्हिडिओवर घेतलं.

"हे बघ," मी बहिणीला म्हणालो, "साहेब आले की तू आजारी. आईचं आजारपण, एकुलता मुलगा, सांभाळायला दुसरं कुणी नाही. हे कारण आमच्या खात्यात कधी मागं आलेलं नाही."

भाचा म्हणाला, "पण मामा, हे खोटं आहे ना?"

"खोटं वेगळं, प्रकरण वेगळं. हे प्रकरण आहे."

"मामा, मला खेळायचंय. कुठंही."

"खेळ की. मेलबर्नमध्ये क्लब काय कमी आहेत?"

मागून बायको म्हणाली, "बिडरी!" ती अक्कलकोटकडची, माहेरी कन्नड. 'सोडा हो' एवढाच त्याचा अर्थ, पण तिच्या तोंडी त्यात आमचा सगळा संसार येतो. "स्वतःच्या बदलीचं काय झालं ते सांगितलंत का पोराला?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

साहेब आले तेव्हा आमच्याकडे सकाळ होती. मी शाळेला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. मी सांगितल्याप्रमाणे बहिणीने फोन चहाच्या किटलीला टेकवून ठेवला होता. ती कोचावर, कपाळाला फडकं बांधलेलं, अंगावर मी पाठवलेली मोरांची सोलापुरी चादर. आजारपण झकास जमलं होतं. फक्त तिने केसांत गजरा घातला होता. पाहुणे येणार म्हटल्यावर तिला राहवलं नसणार.

पर्थचे साहेब दाराएवढे उंच, भुवया पांढऱ्या, आवाज मऊ. भाच्याने माझी ओळख करून दिली. मी हात जोडले. त्यांनीही किटलीकडे बघून हात जोडले. मग ते बहिणीच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि तब्येतीची चौकशी करू लागले. बहीण खोकली. चांगली खोकली. मी इकडे मांडीवर थाप मारली.

एवढ्यात साहेबांनी भाच्याकडे बघत तिला काहीतरी विचारलं, हळू आवाजात. मला ऐकू आलं नाही. भाचा खाली मान घालून पंजे चोळत होता. बहिणीने त्याच्याकडे बघितलं. मग ती एकदम उठली, चादरीचं टोक किटलीला लागलं, फोन उताणा पडला आणि आमच्या हाती त्यांच्या घराचं छत आलं.

"पडली की काय हो ती?" बायको.

"चक्कर आली असेल. उत्तम!" मी.

छत बघत आम्ही कान लावून बसलो. कपाटाचं दार वाजलं. पिशवीची खसखस झाली. मग साहेबांचं हसू, मग भाच्याचं "आई!" आणि मग कुणीतरी फोन उचलून सरळ धरला.

पर्थचे साहेब डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर सोलापुरी टॉवेल आणि हातात नारळ घेऊन उभे होते. कपाळाला कुंकू. शेजारी माझी आजारी बहीण, फडकं सरकून एका कानावर आलेलं, शेंगाची चटणी डब्यात भरत होती.

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे टॉवेल-टोपी म्हणजे मान. व्याह्याला, मामाला, पाहुण्याला, बदलून चाललेल्या हेडमास्तरालाही. मी स्वतः दर खेपेला तिच्या बॅगेत ढीगभर टॉवेल-टोप्या कोंबतो, परदेशात कुणाचा मान करायची वेळ आली तर अडायला नको म्हणून. ती वेळ अशी येईल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मी तिला झाडलं. "अगं, तू आजारी होतीस! आजारी बाई कधी आहेर करते का?"

"पाहुणा रिकाम्या हातानं कसा पाठवू, दादा?"

"खोकत खोकत पाठवायचा की!"

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. पण चुकल्यासारखा आवाज नव्हता. मला तेव्हा ते लक्षात आलं नाही. मी रागावण्यात गुंतलो होतो.

निवडीचा कार्यक्रम तिकडे संध्याकाळी, आमच्याकडे दुपारी. मी किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरगुती'. एकेक क्लब एकेक नाव घेत होता आणि नाव घेतलेलं पोरगं उठून आईच्या गळ्यात पडत होतं. मेलबर्नच्या क्लबांची पाळी आली की मी देवाचं नाव घ्यायचो. ते दुसऱ्याच कुणाचं घ्यायचे. मग पर्थची पाळी आली आणि त्यांनी भाच्याचं नाव घेतलं. ऑस्ट्रेलियन जिभेवर आमच्या आडनावाचं पार भरीत झालं, पण पोरगं ओळखून उठलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून बायकोने डोळ्याला पदर लावला. मी म्हणालो, "टॉवेलनं घात केला."

मायलेकांच्या घरात बहीण एकटी उरली. रविवारी फोन आला की मी आवाज खोल करून विचारायचो, "कशी आहेस?" ती म्हणायची, "बरी हाय की." मी ठरवून टाकलं की ती बरी नाही. भाचा पहिला सामना खेळला तेव्हा क्लबाने तिला विमानाने पर्थला नेलं. तिथे त्या साहेबांनी तिला दोन लोकरी मफलर दिले, क्लबाच्या रंगाचे. एक तिला आणि एक किटलीतल्या मामाला. माझा मफलर सोलापूरला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आला. मी तो पिशवीतून काढला नाही. ज्यांनी पोरगं नेलं त्यांचा कापूस, लोकर काही नको.

दोन हंगाम असे गेले. मग तिकडे खेळाडूंच्या अदलाबदलीचे दिवस आले आणि भाच्याने कळवलं की मेलबर्नचा एक क्लब त्याला मागतोय. बदल्यात एक खेळाडू देणार.

मी खुर्चीतून उठलो. "आपसी बदली! मी म्हटलं नव्हतं?"

"पण मामा, माझा करार बाकी आहे. मी हो म्हटल्याशिवाय होणार नाही."

"कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय बदली होत नाही?" मला खाली बसावं लागलं. अशी खाती जगात आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "मग दे की संमती! आईकडे परत येशील."

"आईला विचारतो," तो म्हणाला.

विचारायचं काय त्यात? मीच बहिणीला फोन लावला. आनंदाची बातमी आपण द्यावी म्हणून.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी त्याला न्हाई म्हण म्हणून सांगितलं."

"काय?"

"त्याला तितं खेळायला मिळतंय, दादा. हितल्या क्लबात त्याच्या जागेवर दोघं बसलेत आधीच. माझ्यासाठी येईल आणि बाकावर बसून राहील."

"आणि तू एकटी?"

"मी एकटी हाय ते हाय. लॅब हाय, शेजारणी हायत, वर्षाला चारदा पर्थला जाते. घर मोठं वाटतंय, व्हय. वाटू दे."

मी हिरमुसलो. म्हणालो, "त्या दिवशी ती टॉवेल-टोपी काढली नसतीस तर ही वेळच आली नसती."

ती हसली. "दादा, त्या साहेबांनी मला काय विचारलं माहीत हाय का? 'बाई, तुम्ही सोडाल का त्याला?' मी खोकणारच होते. पण पोराकडं बघितलं. तो नुसता हात चोळत बसला होता, तोंडानं काही मागत नव्हता. माझ्या तोंडातनं 'हो' पण निघंना. तवा उठून टॉवेल-टोपी काढली."

"पण तू तर म्हणालीस, पाहुणा रिकामा—"

"अरे, तुला काय वाटलं? मी सोलापूरची नव्हं का? टॉवेल-टोपी कवा देतात ते मला ठाऊक न्हाई व्हय? बोलणी पक्की झाल्यावर देतात. साहेबांनी विचारलं हे काय, तर पोरानंच सांगितलं त्यांना, 'ठरलं म्हणून'. तुझं सगळं लक्ष छताकडं."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. बायको भाकरी थापत होती. सगळं तिने ऐकलंच होतं.

"पोराला सोडणं बहिणीला जमलं," मी म्हणालो. "मी ठरवलेल्या बदल्या मात्र परत उलट्याच."

"एकदा तिलाच विचारलं असतंत तर?" ती म्हणाली. "आणि तो मफलर किती दिवस पिशवीत ठेवणार? उलटा आहेर आलाय तो. घातल्याशिवाय मान पोचत नाही."

मी पिशवी काढली. लोकर अशी जाड, की ऑक्टोबरच्या सोलापुरात नुसतं बघूनच घाम यावा. दुसऱ्या दिवशी तो गळ्यात घालून मी कुंभारीच्या वाटेवरच्या माझ्या शाळेत गेलो. फाटकापाशी मोहोळचे एक गुरुजी थांबले होते, आपसी बदलीचा सल्ला घ्यायला.

"सर, थंडी वाजतीय काय?"

"नाही. व्याह्यांकडनं आलाय," मी म्हणालो. "आणि बदलीचं म्हणाल तर आधी घरी विचारून या."