माळ्यावर गाणं मना आहे

पहाटेची रिपरिप थांबली होती, पण डोंगरावरचं धुकं उठायला तयार नव्हतं. एलिनेद भावाच्या अंगणात उकिडवी बसून पाट्या वाजवत होती. काळ्या दगडाची पाटी बोटाच्या पेरानं ठोकायची. खणखणली तर छपरावर, बद्द वाजली तर बांधावर. वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात छपरं शाकारणारी बाई ही एकटीच. बापाचा हातोडा तिनं उचलला तेव्हा गाव हसलं होतं. आता त्याच गावाची छपरं तिच्या हाताखालून गेलीत.

भाऊ इड्वल जुन्या गोठ्याचं घर करत होता. त्याची लेक लौरी तान्ह्या पोरीला घेऊन थंडीआधी तिथं राहायला यायची होती. आणि काल छपराच्या पुढच्या उतारावरची, पाखीवरची पाटी उचलली, तर खाली वटवाघळं चिकटलेली! एलिनेदनं पाटी अलगद परत ठेवली, काम थांबवलं नि वटवाघळं तपासायला येणाऱ्या परवानेवाल्या बाईंना फोन केला. कायदाच तसा आहे. त्यांना हात लावायचा नाही, त्यांचं बिऱ्हाड मोडायचं नाही.

एवढ्यात गोठ्याच्या माळ्यावरून खर्जातलं भजन घुमू लागलं. एलिनेद शिडी चढून पाहते, तर इड्वल डोळे मिटून गातोय. प्रार्थनाघराच्या गायनमंडळात त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा.

"इड्वल्या! काय मांडलंयस हे?"

"गातोय, ताई. हात कुठं लावलाय? आपणहून उडून गेली तर कायदा काय करील?"

"येड्या, त्रास देणं हाही गुन्हाच. आणि तुझं गाणं तर सगळं खोरं ऐकतं, वेगळा साक्षीदारसुद्धा लागायचा नाही!"

"एक हललं नाही बघ. आवडतंय त्यांना."

"उतर खाली, मेल्या."

तो उतरला, पण धुसफुसत. "चिमूटभर जिवांपायी माझी नात उघड्यावर?"

"नात माझीपण आहे. थंडीआधी ती छपराखाली असेल. सांगतेय ना मी."

दुपारी परवानेवाल्या बाई आल्या, टॉर्च लावून पाहिलं. पुढची पाखी परवाना येईपर्यंत तशीच ठेवायची, मागच्या पाखीचं काम खुशाल चालू द्या, म्हणाल्या. लौरीच्या खोल्या मागच्या बाजूला काढायच्या, हे एलिनेदनं सकाळीच ठरवलं होतं.

"पुढची पाखी झाली की वळचणीला बोटभर फट ठेवीन," ती म्हणाली. "त्यांच्या येण्याजाण्याला."

"म्हणजे भाडेकरू कायमचे?" इड्वल.

"ती तुझ्याआधीपासून राहतात. भाडेकरू तू."

एलिनेदनं ढिगातली एक पाटी उचलून ठोकली. बद्द वाजली. ती बांधाकडे टाकून तिनं दुसरी घेतली.