साळवे मॅडमची चावडी

आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये कुणी "मॅडम, माझी फाईल गेली हो!" असं ओरडत आलं, की साळवे मॅडम मान वर न करता विचारायच्या, "चप्पल कुठं काढली?" ओरडणारा चक्रावायचा. धूळ नको म्हणून त्या एसीच्या खोलीबाहेर सगळ्यांना चपला काढाव्या लागत. बिचारा बाहेर जाऊन शोधून यायचा, कारण घाईत कुठं भिरकावली ते त्याला खरंच आठवत नसे. "पायातली वस्तू कुठं टाकली ते ठाऊक न्हाई," मॅडम म्हणायच्या, "अन् म्हणं फाईलला पाय फुटले!"

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. देवळाली प्रवराजवळच्या एका साखर कारखान्यात मी हंगामी डेटा ऑपरेटर होतो आणि मॅडम आमच्या विभागप्रमुख. मूळच्या केडगावच्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, आणि हसू दाबताना उजवी नाकपुडी थरथरायची. नाकपुडी हलली की समजावं, कुणाचा तरी मामा झाला.

'डिफॉल्ट' म्हणजे काय ते मला काही केल्या कळेना. मॅडमनी विचारलं, "सुनील, घरी गेल्यावर पिशवी कुठं टाकतोस?"

"खाटेवर."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. आपोआप पडते."

"तेच डिफॉल्ट. तू काही सांगितलं न्हाईस की मशीन फाईल ठरल्या जागी टाकतं. फक्त मशीनची खाट कुठली, ते मी ठरवते."

सगळ्यांना उघडता येईल असं एक सामायिक फोल्डर त्यांनी केलं होतं. त्याचं नाव 'चावडी'. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या आज्याला गावच्या चावडीबाहेर हुबं ऱ्हावं लागायचं. मग म्हटलं, आपली चावडी काढू अन् समद्यांना आत घेऊ." हे त्या हसत हसत म्हणाल्या, मला मात्र हसता आलं नाही. केडगावच्या त्यांच्या वस्तीत, बुद्धविहारातल्या एकाच कपाटात सगळ्या पोरांची पुस्तकं असायची. ज्याला लागेल त्यानं घ्यायचं, वाचून झालं की जागेवर ठेवायचं. मॅडम तिथं शिकलेल्या.

माझा त्या काळात एकच ध्यास होता: कायम व्हायचं. हंगाम संपला की घरी बसा, ही दरवर्षीची तऱ्हा. सोयरीकही त्यावरच अडली होती. मुलीचे वडील म्हणत, आधी ऑर्डर दाखवा. कारखान्याच्या मोठ्या साहेबांना द्यायचा अर्ज मी माझ्या मशीनवर लिहून ठेवला होता. रोज जेवणाच्या सुट्टीत उघडायचो, एखादी ओळ आणखी मऊ करायचो, पुन्हा सेव्ह करायचो. द्यायची काही छाती होत नव्हती.

मॅडमच्या चावडीला एकच माणूस फिरकत नसे, शेती खात्याचे तात्या. कुणाचा ऊस कधी तोडायचा हा क्रम त्यांच्या हातात. ती फाईल त्यांना आपल्याच मशीनवर, आपल्याच केबिनमध्ये, कुलपाआड हवी. "आपल्याबिगर कारखान्याचं चाक फिरत न्हाई," असं ते येताजाता ऐकवायचे. पण स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायचा त्यांना भारी कंटाळा. एंटर, एंटर, एंटर, की झालं काम.

त्या वर्षी गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू करायच्या कार्यक्रमाची पत्रिका निघाली आणि तिच्यात तात्यांचं नाव नव्हतं. तात्या रुसले. केबिनची किल्ली कनवटीला लावून सरळ सासुरवाडीला निघून गेले. तोडीच्या चिठ्ठ्या छापायच्या बाकी, ऊसतोड्यांच्या टोळ्या खोळंबलेल्या, आणि साहेब आमच्या दारात, तेही चप्पल घालून. "हंगाम अडला ना, तर हंगामी पोरं आधी घरी जातील," एवढंच बोलून ते गेले. गेली ऑर्डर, गेली नवरी!

मॅडम चहा फुंकत होत्या. "चावडीवर बघ की," म्हणाल्या.

बघतो तर तात्यांची फाईल तिथं ऐसपैस बसलेली! मॅडमनी त्यांच्या मशीनची खाट केव्हाच बदलली होती. "तात्यांनी जागा सांगितली असती तर मशीननं त्यांचं ऐकलं असतं. ते गप ऱ्हायले, मग त्यानं माझं ऐकलं." नाकपुडी नुसती थरथरत होती. प्रिंटर करकरायला लागला आणि माझ्या जिवात जीव आला.

आपल्याला न्यायला जीप येईल या आशेवर तात्यांनी सासुरवाडीत बरीच वाट पाहिली असावी. शेवटी एसटीनं आले. मला वाटलं, आता मॅडम त्यांची यथेच्छ हजेरी घेणार. पण त्यांनी साहेबांच्या देखत दारातच गाठून म्हटलं, "तात्या, तुमी फाईल चावडीत ठेवून गेलात म्हणून वाचलो बघा!"

तात्यांनी आ वासला. साहेब कौतुकानं बघतायत म्हटल्यावर त्यांनी तो मिटला. "मंग! जबाबदारी हाय आपली," म्हणाले. त्या दिवसापासून तात्या चावडीचे सगळ्यात मोठे भक्त. नव्या माणसाला 'फाईल दडवू नये' यावर प्रवचन द्यायचे.

महिनाभरानं माझी कायम झाल्याची ऑर्डर आली. 'आपल्या अर्जाचा विचार करून' असं तीत लिहिलं होतं. कसला अर्ज? मी तर दिलाच नव्हता! पण गळ्यात पडलेल्या हाराला का आलास म्हणून कोण विचारतो? लग्न उरकलं.

हंगाम संपल्यावर मॅडम नगरला दुसऱ्या नोकरीवर निघाल्या. शेवटच्या दिवशी त्या खोलीत एकट्या सापडल्या तेव्हा मी त्या अर्जाचं विचारलंच.

"सेव्ह करताना काय दाबतोस?" त्यांनी उलट विचारलं.

"एंटर."

"बघून?"

आयला! तात्यांना मी पोट धरधरून हसलो होतो, आणि माझा अर्ज पहिल्या दिवसापासून चावडीवरच! "म्हणजे सगळ्यांनी वाचला?"

"रोज. आज कुठली ओळ बदलली म्हणून पैजा लागायच्या. तू काही देईनास, मग आमीच छापला."

"पण सही?"

"तुझी नव्हती, म्हणून समद्यांनी केली." त्यांनी ड्रॉवरमधून त्याची झेरॉक्स काढून दिली. खाली अख्ख्या ऑफिसच्या सह्या, आणि तळाशी तात्यांच्या हातची एक ओळ: पोरगं कामाचं हाय. चप्पल जागेवर काढतं.

मी हसायला गेलो आणि भडभडून रडूच आलं.

"रडायचं तर बाहेर जाऊन रड," मॅडम म्हणाल्या, "कीबोर्डाला पाणी चालत न्हाई." नाकपुडी थरथरत होती, पण या खेपेला त्या हसू दाबत नव्हत्या.