ऑस्करचा उपास

खामगावात पाळीव माशांचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही, माझ्या माशाचं खाणं मात्र विचारलं. शेगावातल्या माझ्या लॉजच्या काउंटरवर शोभेसाठी मी ऑस्कर जातीचा शिकारी मासा ठेवला होता. तो फिका पडून टाकीच्या तळाशी बसून राहू लागला, तेव्हा मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

“खायले काय देता त्याले?”

“पोळीचा चुरा. कधी भिजवलेला साबुदाणा.”

कोळंबी कापणारी त्यांची कात्री थांबली. “काऊन हो भाऊ, उपासाले बसवला का त्याले?”

बाकीची गिऱ्हाइकं हसली. आमच्या घरी मांसमच्छी चालत नाही, असं मी ताठ मानेनं सांगितलं.

“मंग ससा पाळाचा होता.” मग बोटांवर मोजत त्यांनी बजावलं, “एक दिवस कोळंबी, एक दिवस गांडूळ, मधल्या दिवशी माशाच्या खाद्याचे दाणे. हप्त्यातून एक दिवस काहीच नाही. रोज तेच ते देऊ नका.”

मी सगळं नेलं आणि घरी ‘माशाचं औषध’ म्हणून सांगितलं. महिन्याभरात मासा रंगावर आला. फुशारकीनं दुसरा घ्यायला गेलो आणि औषधाची युक्तीही त्यांना सांगून टाकली.

त्यांनी हातातली जाळी परत खुंटीला अडकवली. “मासा लोकाइले दाखवाचा, अन् त्याचं खाणं लपवाचं? एकच पुरे तुमाले.”

परतताना बसमध्ये त्या बाईंच्या उद्धटपणाबद्दल मी शेजारच्या प्रवाशाला शेगाव येईपर्यंत सांगत होतो. कोळंबीचा भाग तेवढा गाळून.