‘बसा’ म्हणणारे व्यायामशिक्षक

खानदेशात व्यायाम करून जेवढी माणसं बारीक झाली असतील, त्याहून जास्त माणसं माझ्या साडूंच्या हाताखाली व्यायाम करून बाळसेदार झाली आहेत, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. गाव असोदा, बिऱ्हाड जळगावात मेहरूणला, आणि धंदा विचाराल तर ‘फिटनेस लाइन’. या लाइनीत एका माणसाला जेवढ्या नोकऱ्या करता येतात तेवढ्या त्यांनी केल्या, आणि पुढची सुरू करताना मागचीबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. स्वतःची तब्येत मात्र पाहत राहावी अशी. दारातून आत येताना खांदे किंचित तिरके करून येतात. तेवढी गरज नसते, पण सवय. अंगात बारा महिने ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी ट्रॅकसूटवर फेटा बांधला होता, आणि फोटोत नवऱ्या मुलापेक्षा तेच उठून दिसतात.

अशा माणसाचं या धंद्यात बस्तान का बसू नये, याचा मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी दोष असोद्यावर टाकला. त्यांच्या घरी माणूस दारात आला की पहिला शब्द ‘बसा’. मग पाणी, मग चहा, मग ‘जेवूनच जा’. पोस्टमनसुद्धा त्या घरातून उपाशी गेलेला नाही. त्या संस्कारात वाढलेल्या साडूंच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे की आपल्याकडे आलेला माणूस हा पाहुणा, आणि पाहुण्याला घाम फोडणं हे काही बरं दिसत नाही. आता व्यायामाच्या धंद्यात गिऱ्हाईक येतं ते घाम फोडून घ्यायलाच. ही अडचण त्यांच्या लक्षात येत नव्हती असं नाही. लक्षात येत होती, पण समोरच्याच्या कपाळावर पहिला थेंब दिसला की यांचा जीव कासावीस व्हायचा.

पहिली नोकरी जळगावच्या एका जिममध्ये. मालकांनी यांचे दंड पाहिले आणि दुसरं काही न विचारता ठेवून घेतलं. मी एकदा सहज डोकावलो तर एक कापडवाले शेटजी पळण्याच्या यंत्रावर चालत होते, आणि साडू शेजारी प्लास्टिकची खुर्ची धरून उभे होते. शेटजींना धाप लागली तसा साडूंचा चेहरा रडवेला झाला. “बसा ना शेटजी,” ते म्हणाले, “कुठी पयाचं हाये आपल्याला?” शेटजी बसले. साडूंनी पंख्याची दिशा बदलली आणि मुलाच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारलं. महिन्याभरात त्या जिममध्ये यंत्रांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या. गर्दीही वाढली, पण मालकांना हवी होती ती ही गर्दी नव्हे. त्यांनी अतिशय अदबीनं साडूंना निरोप दिला, कारण साडूंशी दुसऱ्या कुठल्या सुरात बोलताच येत नाही.

मग झुंबा. पुण्याला जाऊन हे काहीतरी शिकून आले आणि मेहरूणच्या एका हॉलमध्ये बायकांचा वर्ग काढला. पण परस्त्रीकडे टक लावून पाहायचं नाही ही घरची शिस्त, म्हणून सबंध वर्ग त्यांनी भिंतीकडे तोंड करून घेतला. मागे कोण नाचतंय, कोण बसलंय, याचा त्यांना पत्ता नसे. मधूनच भिंतीला उद्देशून म्हणायचे, “ताई, दमल्या असाल तर बसा हो!” बायका दमण्याआधीच बसत. पाठीमागे वांग्यांचे भाव आणि सुनांचे स्वभाव यांच्यावर चर्चा रंगे, आणि पुढे साडू एकटे घामाघूम होऊन नाचत. माझी मेहुणी तेव्हा बायकोला म्हणाली होती, “व्यायाम फक्त यांचाच होतो गं ताई. गिऱ्हाइकं यांनाच पाहायला येतात.” मेहुणीनं शिलाईच्या कामावर घर चालवलं आणि ट्रॅकसूट मात्र नवऱ्याला दर दिवाळीला नवा घेतला.

आहारसल्लागार असतानाचा प्रसंग तर आमच्या नातेवाइकांत अजून चवीनं सांगितला जातो. वजन कमी करणाऱ्यांची एक तुकडी यांनी कशीबशी तीन महिने टिकवली. ‘हे खाऊ नका’ असं कुणाच्या तोंडावर सांगायचं म्हणजे यांच्या जिवावर येई, म्हणून ते आधी ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं विचारत आणि तेवढं सोडून बाकीचं बंद करत. तरीही थोडाफार गुण आला होता. तुकडीचा समारोप करायचा ठरलं. दिवस थंडीचे, आणि थंडीत चार माणसं एकत्र जमायची तर आमच्याकडे दुसरा कार्यक्रम कोणाला सुचतच नाही. असोद्याच्या मळ्यात भरीत-पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, त्यांच्यावर तेल सोडलं, सोबत पुऱ्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. साडू प्रत्येकाच्या पानाशी वाकून आग्रह करत होते. इथवर सारं रीतीनंच झालं. पण कोणी किती वजन घटवलं हे जाहीर करून सत्कार करायचा म्हणून त्यांनी वजनकाटाही मळ्यात आणला होता, आणि तो काढला जेवणानंतर. सत्कार झाले नाहीत. पण नारळ आणलेलेच होते, ते फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं.

त्यानंतर मेहरूणच्या तलावाकाठी योगवर्ग झाला. शवासनापासून सुरुवात करायची ही यांची पद्धत, आणि उठवायला मन होत नसे, म्हणून शेवटही तिथंच. लोक घरच्यापेक्षा गाढ झोपून ताजेतवाने होऊन जात. आमचे सासरे तेव्हा हयात होते. “जावई गुणाचा आहे, पण एक ना धड भाराभर चिंध्या,” असं ते म्हणत. मला हे ऐकून बरं वाटायचं, हे कबूल करतो. मी सरकारी कचेरीत एकाच टेबलाशी नोकरी पुरी केलेला माणूस. दोन जावयांत तुलना होणारच, आणि तुलनेत मी वर होतो.

शेवटी धुळ्याला पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका खाजगी वर्गात यांना मैदानावरची नोकरी लागली. तिथंही ते पोरांना पळायला लावून स्वतः ग्लुकोजच्या पाण्याची बादली घेऊन त्यांच्यामागे पळत. पण यांना निदान पगार मिळत होता. खोली भाड्याची होती, आणि जवळच आमची सासुरवाडी होती. तिथं सासूबाई, म्हणजे अक्का, मुलगा-सुनेजवळ राहत.

अक्का जुन्या वळणाच्या. जावई म्हटलं की त्यांच्या लेखी देवाच्या खालोखाल. जावई घरात आला की अक्का उठून उभ्या राहणार, डोक्यावर पदर घेणार, आणि तो बसेपर्यंत बसणार नाहीत. आम्ही किती वेळा ‘राहू द्या’ म्हटलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि स्पष्ट सांगितलं, की रोज उठून उभ्या राहिल्या, चालल्या, तर चालतील. आता खाट धरली तर मग ती सुटायची नाही.

अक्कांनी खाट धरली. मुलानं विनवलं, सुनेनं रागावून पाहिलं, मुली येऊन रडून गेल्या. व्यायाम घ्यायला एक तरुण डॉक्टर घरी येत, त्यांना अक्का पडल्यापडल्या सुनेकरवी चहा पाजत आणि परत पाठवत. “मना पाय दुखस. माले काही व्हस नही आते,” एवढंच म्हणत आणि भिंतीकडे तोंड करत. आम्ही जावई भेटायला गेलो की त्या झोपलेल्या असत. ते सोंग आहे हे मला पुढं कळलं. जावयासमोर लोळत पडायचं यापेक्षा झोपेचं सोंग बरं, असा त्यांचा हिशेब होता. हातपाय वाळायला लागले होते. माझ्या बायकोनं एकदा बसमध्ये मला विचारलं, “आई आता अशीच जाणार का?”

एका संध्याकाळी साडू मैदानावरून परस्पर तिथं गेले. कळवलेलं नव्हतं, दार उघडंच होतं, सून मागे वाळत घातलेले कपडे काढायला गेलेली. हे थेट खोलीच्या उंबऱ्यात उभे राहिले. अक्कांना डोळे मिटायलाही सवड मिळाली नाही. हात आपोआप पदराकडे गेला, दुसऱ्या हातानं वॉकर ओढला, आणि तोंडातून ‘आई वं’ निघायच्या आत त्या उभ्या होत्या. थरथरत, कण्हत, पण डोक्यावर पदर घेऊन उभ्या.

साडूंनी हा प्रसंग मला अनेकदा सांगितला आहे. “भाऊ, ‘बसा’ हा शब्द ओठापर्यंत आल्ता,” ते म्हणतात. “गियला.” आयुष्यभर शेटजींना, ताईंना, पोरांना जे म्हटलं ते त्या एका माणसाला त्यांनी म्हटलं नाही. स्वतः खुर्चीवर बसलेही नाहीत, कारण ते बसले असते तर अक्काही बसल्या असत्या. ते दारातच उभं राहून हवापाण्याचं बोलत राहिले, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि अक्का वॉकरला धरून ‘हो’ला ‘हो’ करत होत्या. सून आत आली आणि हातातले कपडे तिथंच टाकून ओरडली.

एकदा उठल्यावर सोंगाला अर्थ उरला नाही. मग साडूंनी आपला खरा वर्ग सुरू केला. ते यायचे, अक्का उठायच्या. ते जायला निघायचे, अक्का निरोपाला उठायच्या. कोपऱ्यावरून शिट्टी विसरली म्हणून परत यायचे, अक्का पुन्हा उठायच्या. काही दिवसांनी ते खोलीत येईनात, ओट्याशीच थांबू लागले. जावयाला दारातून आत बोलवायचं म्हणजे यजमानानं दारापर्यंत यायला हवं. मग फाटकाशी थांबू लागले. मग गल्लीच्या तोंडाशी. अक्का सुनेला म्हणत, “ह्या पाव्हनाले लाज शे का नही? रोज येस!” आणि वॉकर टेकत टेकत सामोऱ्या जात. उन्हाळा लागेपर्यंत वॉकर सुटला आणि काठी आली. ज्यांनी आयुष्यात एका माणसाचं वजन छटाकभरही उतरवलं नाही, त्यांनी माझ्या सासूला पायावर उभं केलं, आणि तेही पाहुणा होऊन.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, नंतर एक दिवस साडूंचा फोन आला. आवाज विचित्र होता, हसतायत की रडतायत कळेना. “भाऊ, माही नोकरी गेली.” मला वाटलं मैदानावरची. पण तसं नव्हतं. ते नेहमीप्रमाणे घरी गेले होते. अक्का ओसरीत बसून शेंगा फोडत होत्या. यांना पाहिलं आणि फोडतच राहिल्या. हे उभे राहिले, खाकरले, शेवटी म्हणाले, “अक्का, उठा ना.” अक्का म्हणाल्या, “कसाले? पाव्हनासाठे उठतस. पोऱ्यासाठे कोन उठस?” आणि शेंगांनी भरलेलं सूप यांच्यापुढे सरकवलं. साडू बसले आणि शेंगा फोडल्या.

“पन पाय पुन्हा आखडेल त्यायचा,” ते फोनवर काकुळतीला आले. “डॉक्टर म्हने उठबस चालूच ठेवा. आता तुमी या भाऊ. तुमी आजून जावई हाये.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या बसनं मी जळगावहून धुळ्याला जातो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. अक्का काठी टेकत येतात, डोक्यावर पदर असतो, नजर खाली. “या जवाईबापू,” म्हणतात. आम्ही ऊन, पाऊस, बसची गर्दी याविषयी बोलतो. ओसरीत साडू पाय पसरून बसलेले असतात, पुढ्यात अक्कांच्या हातचं काहीतरी असतं, आणि अक्का जाता जाता त्यांच्या डोक्यावर टपली मारतात. मला खुर्ची दिली जाते, आणि मी बसत नाही. पाय दुखून येतात, तरी बसत नाही. ज्या दिवशी मी आलो तरी त्या उठणार नाहीत, त्या दिवशी त्यांच्या पायाचं नुकसान होईल, हे मला ठाऊक आहे. तरी प्रत्येक रविवारी गल्लीत वळताना वाटतं, आज नाही उठल्या तर बरं.