धार लावायचा दगड

माझ्या थोरल्या जाऊबाई, माल-सुन, नवरा गेल्यावर रडल्या नाहीत. थंडीत दीर गेले. त्या दिवशीही भेटायला आलेल्यांना त्यांनीच सूप वाढलं, आणि माणसं गेल्यावर पातेली घासत बसल्या. मी म्हटलं, "जाऊबाई, जरा रडून घ्या." तर म्हणाल्या, "काही येतच नाही गं, उलजिनवाले." मी उलजिनची म्हणून या गावात माझं हेच नाव. मग वसंत गेला, मिरच्या वाळल्या, बाईच्या तोंडावरची माशी हलली नाही.

दीर शेवटी दवाखान्यात एकच बोलले होते, "आईवरचं गवत." चुसोकच्या सणाआधी थडग्यावरचं गवत काढायचं, ही आमच्याकडची रीत. सासऱ्यांचं शव युद्धातून आलंच नाही, म्हणून डोंगरात एकट्या सासूबाई आहेत. पण तिकडे पुरुष जायचे. आम्ही बायका घरी तळण तळत बसायचो. दरवर्षी दीर बाजारातून धार लावायचा नवा दगड आणायचे, विळा घेऊन वर जायचे आणि दगड हरवून यायचे. मग जाऊबाईंचा पट्टा सुरू व्हायचा, "दगड खाता का हो तुम्ही?" दीर ओशाळं हसायचे. आणि आता रस्ता पक्का ठाऊक असलेला माणूसच गेला.

माझा नवरा गुडघा धरून ओट्यावरून सांगत होता, "तळ्यावरून डावीकडे, मग पाइन, मग वर." ज्याला स्वतःचा चष्मा डोक्यावर असून सापडत नाही, त्याच्या सांगण्यावर आम्ही निघालो.

देगू शहरातून जाऊबाईंचा मुलगा चोंगसू आला होता, पाठीवर गवत कापायचं मशीन घेऊन. बरोबर त्याची कॉलेजातली मुलगी हारिन. गाडीतून उतरतानाच तो म्हणाला, "आई, या वर्षी सापडलं तर ठीक. नाहीतर विषय संपला. दोन वर्षांत झाडी वाढेल, मग देवालाही सापडणार नाही." जाऊबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. इतकं कोरडं "बरं" मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तळ्यापर्यंत वाट होती, पुढे नुसता वेलांचा गुंता. हारिन काठीनं गवत झोडपत पुढे चालली, सापांसाठी. "आजी, तू कधीच आली नव्हतीस? इतकी वर्षं?"

"तुझ्या आजोबांना घरी आल्यावर खायला कोण घालणार होतं?"

पाइनच्या खाली एक उंचवटा दिसला, आमच्याकडे थडग्याचा असतो तसा, मातीचा. मशीन सुरू झालं. कडेचं गवत जाऊबाईंनी या वर्षी स्वतःच आणलेल्या नव्या दगडावर विळा परजून हातानं काढलं. थडगं स्वच्छ, गोल निघालं. सुका मासा, नासपती, भाताची वडी मांडली, तांदळाची दारू ओतली आणि सगळ्यांनी दोनदा दंडवत घातले. मला बाई भरून आलं. जाऊबाई मात्र रांगेत उभं असल्यासारख्या उभ्या होत्या.

तेवढ्यात हारिननं पायाशी गाडलेल्या दगडावरचं नाव खरवडून वाचलं. "आजी, हे पाक कोण?"

आम्ही क्वोन आडनावाचे. सासूबाईंच्या थडग्यावर तर दगडच नाही.

"घ्या," मी म्हटलं, "कुणाच्या तरी आजोबांची हजामतही झाली आणि पोटपूजाही."

हारिन हसली. चोंगसू हसला नाही. त्यानं मशीन खाली ठेवलं. "बास झालं आई. चला खाली." तो चिडला नव्हता, थकला होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

जाऊबाईंनी वाद घातला नाही. "जरा टेकते," म्हणून थोडं वर एका ओकच्या झाडाकडे गेल्या. बराच वेळ झाला तरी येईनात, तशी मी मागे गेले.

ओकला कमरेइतक्या उंचीवर दोन फांद्यांचं दुबेळकं होतं, आणि त्यात धार लावायचे दगड होते. एकावर एक, ढीगच. खालचे शेवाळानं हिरवे झालेले, वरचा अजून करडा. दरवर्षी दीर धार लावून दगड तिथं ठेवायचे, दारू प्यायचे आणि विसरून घरी यायचे. पुढच्या वर्षी तिथंच नवा. झाडाच्या पलीकडे, वेलांखाली, एक बुटका उंचवटा होता.

जाऊबाईंनी वरचा दगड उचलला. अंगठा त्याच्या खोलगट भागावरून फिरवला.

"समोर ढीग दिसतोय," त्या म्हणाल्या, "तरी पुन्हा विसरायचं. माझ्या शिव्या खायच्या, पण एक उचलून आणायचा नाही." आवाज चढत गेला आणि मध्येच फाटला. "आता कुणाला बोलू मी? सांगा ना हो, कुणाला बोलू?" आणि बाई झाडाला धरून रडली, थंडीपासूनचं सगळं. हारिन आली, तिला मी हातानं थांबवलं.

मग चोंगसूनं वेल ओढून काढले. मशीन नको म्हणाल्या जाऊबाई, विळ्यानंच सगळं काढलं. खाऊ पाकांपुढे गेला होता, म्हणून सासूबाईंना नुसती उरलेली दारू मिळाली.

उतरताना हारिन थबकली. "आजी, तुझा नवा दगड वर झाडातच राहिला. आणू?"

जाऊबाईंनी मागे पाहिलं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी नसले, तर तुम्हाला काय बघून सापडणार?"