झोप परागची, डोकं माझं

एका मॅचच्या मध्यांतराला सरांनी मला सगळ्या टीमसमोर उभं केलं. मी लाथ बसलेली पोटरी चोळत होतो.

"पाय काय चोळतो रे? डोकं चोळ. तुमच्या लोकांकडं नुसते पाय असतात."

पोरं हसली. पराग जरा जास्तच हसला. पराग म्हणजे सरांचा मुलगा, आमचा कॅप्टन.

तुमच्या लोकांकडं! माझे अब्बा नांदेडला गाद्या भरायचे. मी लातूरला सरांच्या क्लासात फुकट शिकत होतो. भूकंपानंतर ज्या मैदानावर पत्र्याची शेडं टाकली होती, तिथं आता क्लासवाल्यांच्या फुटबॉलच्या मॅचेस व्हायच्या. फायनलला जिल्ह्याची टीम निवडणारे येणार होते. मला त्या टीममध्ये जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

फुकट म्हणजे नावाला फुकट. दर रविवारी क्लासची टेस्ट असायची. पेपरात चूक निघाली की पालक बोंबलायचे, म्हणून तो अख्खा पेपर सर मला पहाटे आधी सोडवायला लावायचे. कुठं दोन पर्याय बरोबर आहेत, कुठं एकही नाही, ते हुडकायचं. चूक सुटली तर बोलणी मी खायची. दुपारी मॅच.

पाय दमलेले नसायचे. पळ म्हटलं की पळायचे. पण चेंडू पायाशी आला की डोकं जागचं हलायचं नाही. डावीकडचा मोकळा आहे हे दिसायचं, त्याला द्यावा हे ठरेपर्यंत समोरचा चेंडू घेऊन गेलेला असायचा. सोपा पास भलत्याच्याच पायात. मग मला वाटायचं, सर म्हणतात तेच खरं असेल. आपल्यात नाहीच ते.

एका रविवारी लाइट गेली, पेपर छापलाच नाही. मी सकाळभर पडून राहिलो. त्या दुपारी मैदान मला मोकळं दिसलं. कोण कुठं जाणार ते आधीच कळत होतं. परागला मी दोन पास असे दिले की त्याला फक्त पाय लावायचा होता. सरांनी त्याला उचलून घेतलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी इतका जळलो की त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग फायनलचा दिवस उजाडला. पहाटे मी पेपर घ्यायला सरांच्या घरी गेलो. दारातच आतलं बोलणं ऐकू आलं.

"परागला आज टेस्टला बसवू नका बरं का," मॅडम, म्हणजे परागची आई, म्हणत होत्या. "डोकं दमलं की तो मैदानात चुका करतो."

"माहिताय मला," सर म्हणाले. "झोपू दे त्याला."

माहीत होतं. ह्यांना सगळं माहीत होतं! माझ्या चुका कुठून येतात, हे जाणूनच माझं चारचौघांत हसं करत होते. आतल्या खोलीत पंख्याखाली पराग घोरत होता. त्याच्या महागड्या बुटांचा हेवा मी कधीच गिळला होता. ती झोप मात्र गिळता येईना. ती त्याच्या अंगावरून ओरबाडून घ्यावी असं वाटलं.

सर बाहेर आले. हातात पेपर.

"घे. लवकर आटप."

"न्हाई सोडवत, सर. आज मॅच हाय."

"काय?"

"माझंबी डोकं दमतंय. परागवानीच."

सरांचा चेहरा उतरला, मग तापला. "लई शहाणा झालास. पेपर न्हाई तर क्लास न्हाई. आन् टीममधबी न्हाई."

"हाव, न्हाई तर न्हाई," मी म्हणालो.

पेपर त्यांच्या हातात तसाच राहिला. मी जिना उतरलो. क्लास गेला, फायनल गेली. जिल्ह्याच्या टीमला आता मला बघायचं कारणच नव्हतं. त्या दुपारी पराग गोल मारणार, मला पक्कं ठाऊक होतं. त्याचा हेवा आजही जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

खोलीवर येऊन मी बॅग भरली. बूट वरच ठेवले. दुसऱ्याचं पोर झोपलेलं असताना त्यांच्या पेपरासाठी ह्यापुढं मी जागणार नाही. आणि माझ्या लोकांकडं काय असतं ते मी मैदानात उतरूनच दाखवणार, मग ते मैदान मला कुणी देवो अगर मला ते हिसकावून घ्यावं लागो.