खालची गाडी

माझा मेव्हणा गोविंदा नवे तांदूळ घेऊन कल्याणला आला, गोणी खाली ठेवली आणि पाणी पिण्याआधीच म्हणाला, “कमळू सांधेवाला गेला. तापाचं निमित्त. चार दिसांत आटपलं.” दुःख नंतर झालं. आधी आठवलं ते वेगळंच. मला कमळूला एक गोष्ट सांगायची होती. बारा वर्षं सांगायची होती... ती राहिली.

शहापूर तालुक्यात माझ्या सासुरवाडीजवळचं छोटं स्टेशन; कमळू तिथला सांधेवाला, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा. नाव लिहीत नाही, कारण कमळूचा मुलगा अजून तिथेच नोकरीला आहे. माझ्या आज्याच्या वेळची काळ्या दगडाची इमारत, पितळी घंटा, समोरासमोर दोन फलाट. रेल्वेच्या बोलीत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि कसाऱ्याकडे जाणारी ‘डाऊन’. आमच्या लोकांचं नेमकं उलटं. घाटाकडे जायचं ते ‘वर’ आणि कल्याण-मुंबई ‘खाली’. कमळू तेव्हा भाताच्या खाचरातून उठून नुकताच नोकरीला लागलेला. ‘अप म्हंजे वर, डाऊन म्हंजे खाली’ असं त्यानं पाढ्यासारखं घोकून ठेवलं होतं.

लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, आधीची गोष्ट. माझी बायको यमुना पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेलेली. दिवस भरत आले आणि तिची तब्येत बिघडली. सुईणीनं हात टेकले, तसं गोविंदानं तिला बैलगाडीत घालून भर दुपारी स्टेशनावर आणलं आणि कमळूला विचारलं, खालची गाडी कंची? कमळूनं ऐटीत पलीकडचा फलाट दाखवला. दोघं बसली आणि निघाली थेट कसाऱ्याला.

इकडे मी, कल्याणचा शाळामास्तर, गोविंदाची तार मिळाल्यापासून स्टेशनावर टांगा ठरवून उभा. गाडी आली, मी एकेक डबा वाकून पाहिला, गाडी गेली. पुढची आली, तीही गेली. नको नको ते मनात येत होतं. कुणाला विचारायचं तेही कळेना. उतरणाऱ्या प्रत्येक लुगड्याकडे मी वेड्यासारखा पाहत होतो.

चूक कमळूला उमगली ती गाडी सुटल्यावर. स्टेशनमास्तरांना सांगून त्यानं कसाऱ्याला तार करवली आणि उभ्या मालगाडीच्या गार्डाच्या हातापाया पडून स्वतः मागोमाग गेला. परतीच्या गाडीत यमुनेच्या पायाशी बसून त्यानं तिला कल्याणला आणलं. दिवेलागणीला दवाखान्यात मुलगी झाली... मेलेलीच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मूल दोन दिवसांपूर्वी पोटातच दगावलं होतं, गाडी चुकली नसती तरी काही हाती लागलं नसतं. बाहेर झाडाखाली कमळू यमुनेचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्यासमोर गेलो आणि म्हणालो, “तुझ्या खालच्या गाडीनं माझं पोर खाल्लं.”

तो काही बोलला नाही. मीही डॉक्टरांचं म्हणणं ना त्याला सांगितलं, ना यमुनेला. तिला का नाही? तर तिनं स्वतःला दोष लावून घेऊ नये म्हणून. कमळूला का नाही, याचं उत्तर मात्र मला चांगलं देता येत नाही. राग सोपा होता, एवढंच.

त्यानंतर कमळूच्या तोंडून अप-डाऊन, वर-खाली हे शब्द कुणी ऐकले नाहीत. “गाव सांगा,” एवढंच तो विचारायचा. लढाईत लष्कराच्या गाड्यांनी सगळ्या वेळांचा विचका केला, फलाटावर मुंगीला वाट नसायची, तरी हा प्रत्येकाला अडवून गाव विचारणार. लोक चेष्टा करायचे. सासुरवाडीहून परतताना मलाही विचारायचा, “मास्तर, कंचं गाव?” आणि मी त्याच्याकडे न पाहता म्हणायचो, कल्याण. दर खेपेला ठरवायचो, आज सांगू. जीव वरखाली व्हायचा, तोवर गाडी यायची.

गोविंदा गेल्यावर अखेर मी यमुनेला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सुपातला हात तिनं थांबवला नाही.

“मला ठाव व्हतं. दोन दिस पोर हाललंच नव्हतं,” ती म्हणाली. “कसाऱ्याहून येताना गाडीतच मी कमळूदादाला सांगितलं.”

म्हणजे झाडाखाली बसला होता तेव्हा त्याला माहीत होतं...

“मग तो बोलला का नाही?”

“मी काय त्याला अडवलं नव्हतं. तोच म्हनला, मास्तर तुज्यावर राग धरतील, त्यापरीस माज्यावर धरू दे. आनि तुमीपन काय बोलला नाय, मंग मी कशी बोलू?”

“पण मग जन्मभर तो गाव कशाला विचारत बसला?”

यमुनेनं एक खडा बाजूला टाकला. “पोर त्याच्यापायी गेलं नाय. पन गाडी तर चुकलीच व्हती ना.”

गेल्या आठवड्यात मी त्या स्टेशनावर गेलो. घंटेखाली कमळूचा मुलगा उभा होता. एका बाईनं त्याला विचारलं, खालची गाडी कंची रे? “मावशे, गाव सांग,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. त्यानं विचारण्याआधीच मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, कल्याण.